साडी खोपीत, फेटिया घरात

माझ्या सासूबद्दल मी आजवर जिथं बोलले तिथं चांगलंच बोलले. शाळेत, सोयऱ्याधायऱ्यांत, मुलांपुढं. "अशी सासू मिळायला भाग्य लागतं," असं ऐकणाऱ्या बायका म्हणायच्या आणि मी मान हलवायची. आता पन्नाशी उलटली, मान दुखायला लागली. म्हणून आधी हे सांगून टाकते, की त्या बाईनं मला वैताग आणला होता. रोज दोनदा. सकाळी शाळेला जाताना एकदा आणि परत येताना एकदा.

तिला सगळा तांडा याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. आम्ही बंजारे. आमच्या बोलीत आम्ही स्वतःला गोर म्हणतो आणि जे गोर नाहीत ते सगळे कोर, मग तो म्हसावदचा गुजर पाटील असो की मुंबईचा मंत्री. याडीच्या लेखी जगात माणसांच्या एवढ्या दोनच जाती होत्या, आणि साडी ही कोरांची वस्तू होती. ती बोलायची आमच्या बोलीत. मी इथं तिचं बोलणं मराठीत लिहिते आहे. तिला हेही चाललं नसतं.

माझं माहेर जळगावकडचं. वडील रेल्वेत गँगमन, त्यामुळं आमचं बिऱ्हाड तांड्याबाहेर, आणि त्यामुळंच मी शाळेत गेले. फायनल पास झाले. लग्न होऊन म्हसावदच्या वरच्या अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तांड्यात आले तेव्हा म्हसावदच्या शाळेला बाई शिक्षिका हवीच होती. तांड्यातून नोकरीला जाणारी पहिली बाई मी. पंच कुरकुरले, पण याडी माझ्या बाजूनं उभी राहिली, हे कबूल केलं पाहिजे. "जाऊ दे तिला. पोरं बडवायला पुरुषच कशाला हवा?" असं तिनं तांड्याच्या प्रमुखाला, नायकाला, तोंडावर सुनावलं.

अट एकच. "शाळेत जा, शीक, शिकव. पण ते गुंडाळलेलं अंगावर घेऊन माझ्या उंबऱ्यात यायचं नाही."

आता शाळेत हेडमास्तर म्हणत, साडीशिवाय यायचं नाही. घरी याडी म्हणे, साडीत यायचं नाही. या दोघांच्या मधोमध तांड्याच्या कडेला, महूच्या झाडाखाली आमची कडबा ठेवायची खोप होती. माझ्या तरुणपणाची कितीतरी वर्षं त्या खोपीत कपडे बदलण्यात गेली.

सकाळी मी फेटिया-काचळीत घरातून निघायची. फेटिया म्हणजे आमचा घेरदार घागरा. काचा, कवड्या आणि शिशाचे मणी शिवून इतका जड केलेला, की नदीवर धुवायला दोघी लागत. काचळी म्हणजे पाठ उघडी टाकणारी, मागं बंदांनी बांधायची चोळी. वर ओढणी. हे सगळं खोपीत उतरवायचं, खुंटीला टांगायचं, कडब्याच्या पेंढ्यांमागं पत्र्याच्या पेटीत ठेवलेली साडी काढायची, नेसायची, केसांतली कुसं झटकायची आणि म्हसावदच्या वाटेला लागायचं. संध्याकाळी हेच उलटं. आणि संध्याकाळी खोपीच्या दाराशी याडी उभी. अंगावर पुरा साज, दोन्ही गालांवर चांदीची घुगरी लोंबलेली, कोपरापासून खांद्यापर्यंत हस्तिदंती बांगड्या, आमच्या बलिया, हातात माझा फेटिया. एखाद्या हवालदारानं गुन्हेगाराची वाट पाहावी तशी.

वाटेनं केळीच्या शेतांत जाणारे-येणारे गुजरांचे सालदार हे सगळं बघायचे. एक म्हातारा तर रोज ठरलेलं वाक्य टाकायचा, "काय वो मास्तरीन, सोंग बदली ऱ्हायनी का?"

याडी त्याला अहिराणीत उलट ऐकवायची, "सोंग तुन्ही बायको लेस रे! हाई तर मन्ही सून शे. दिनभर सोंग करस, आते घर ई ऱ्हायनी."

म्हणजे तिच्या मते दिवसभर शाळेत असायची ती खोटी मी, आणि खोपीतून बाहेर पडायची ती खरी. मला नेमकं उलटं वाटायचं. यावर आमचं कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला तिच्याकडं कारण नव्हतं. तिचं तर रोजच खरं होत होतं.

एवढ्यावर थांबती तरी चाललं असतं. पण ती तपासायची. मला गरकन फिरवून काचळीचे बंद ओढून बघायची. "ही गाठ कोणी शिकवली? रेल्वेनं?" फेटियाची कड उचलून एखादी काच सैल झाली असेल तर तिथंच बसून शिवायला घ्यायची. दोरा ओवलेली सुई तिच्या काचळीच्या बाहीत कायम खोचलेली असे. ती बाहीतून निघायची, काम करायची आणि परत बाहीत जायची. "याडी, सुई अंगात शिरेल," मी म्हणायची. "माझी सुई आहे, तिला कळतं कुठं जायचं ते," ती म्हणायची. शिवून होईपर्यंत मी अर्धी साडीत, अर्धी फेटियात, खोपीच्या दारात. उन्हाळ्यात खुंटीवरच्या त्या काचा तापून अशा चरचरायच्या, की अंगाला लागल्या तर डाग उठायचा.

नवरा नंदुरबारला जिनिंगमध्ये कामाला होता. बाजाराच्या दिवशी यायचा. त्याला सांगितलं की तो पायातला जोडा नीट करत बसायचा. "तू शिकलेली आहेस," म्हणायचा, "तू समजून घे." शिकण्याचा एवढाच उपयोग त्या घरात मला झाला, की समजून घ्यायचं काम कायमचं माझ्याकडं आलं.

सासऱ्यांचा प्रश्नच नव्हता. बापू म्हणजे दम्यानं पोखरलेला, हसरा, मऊ माणूस. बैल चारायचे आणि याडी बोलायला लागली की खोकायचे. त्यांचा खोकला केव्हा खरा आणि केव्हा सोयीचा हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

बाजारात तिच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. साडी नेसलेली एखादी बंजारा बाई दिसली, आणि तिला त्या कशा ओळखू यायच्या देव जाणे, चालण्यावरून की कशावरून, की ही तिला अडवायची आणि चेहरा पाडून विचारायची, "कोणाच्या मयताला निघालीस, बाई?" एकदा शहाद्याच्या एसटीत चढताना कंडक्टरनं गंमत केली. म्हणाला, "आजी, इतली चांदी! लगेजनं तिकीट फाडू का?" याडीनं त्याच्याकडं पाहिलं. "फाड," म्हणाली. आणि मागच्या शिडीनं सरळ टपावर चढून टोपल्यांमध्ये जाऊन बसली. लगेज म्हणालास ना, मग लगेजच्या जागी बसते. खाली उतरेना. कंडक्टर हात जोडतोय, ड्रायव्हर बीडी पेटवून झाडाखाली गेलेला, आतले लोक शिव्या घालताहेत, आणि वरून तिच्या घुगरीचा आवाज. मी आत खिडकीशी बसून पुस्तकात तोंड घातलेलं. शेजारच्या बाईनं विचारलं, "तुमच्यातली का हो?"

"नाही," मी म्हणाले. साडीत होते, खपून गेलं.

शाळेत ती एकदाच आली. बक्षीस समारंभ होता. पहिलीच्या पोरांमध्ये पहिल्या रांगेत जाऊन मांडी घालून बसली, पोरं समारंभ सोडून तिच्या काचांत स्वतःची तोंडं बघायला लागली. संपल्यावर हेडमास्तरांसमोर तिनं माझा पदर दोन बोटांत धरला, चुरगाळला आणि म्हणाली, "कच्चं सूत. एका पावसाळ्याचं." मग थेट हेडमास्तरांना, अहिराणीत, "मास्तर, हिले फेटियामा शिकाडू द्या ना. पोरे दखतीन तं ध्यान देतीन."

हेडमास्तर बिचारे सभ्य. "आजी, नियम आहे."

"कोनी करा नेम?"

"वरतून आला आहे."

याडीनं छताकडं बघितलं. मग म्हणाली, "वरना मानूसनी बायकोले काचा लावता येत नसतीन."

हेडमास्तर हसले. मला हसू आलं नाही. मला त्या क्षणी जमीन दुभंगून हवी होती, आणि आत मी नाही, ती जायला हवी होती.

एकदाच तिनं कारण सांगितलं. तेही मी विचारलं म्हणून नाही. पाऊस लागला होता आणि आम्ही दोघी खोपीत अडकलो होतो. ती म्हणाली, तिच्या लहानपणी इंग्रजाच्या राज्यात पोलीस तांड्यावर येऊन माणसं मोजायचे. कुठं चोरी झाली की आधी तांडा. बायका कपड्यांवरून लांबून ओळखू यायच्या म्हणून काहींनी साड्या घेतल्या आणि गावांमध्ये मिसळून गेल्या. तिची धाकटी बहीणही गेली. पुढं कधीतरी शहाद्याच्या बाजारात ती दिसली. कांदे घेत होती. याडीनं हाक मारली. बहिणीनं वळून बघितलं, कांदे पिशवीत घातले आणि निघून गेली.

"तिला पोलीस घेऊन गेला असता तर परत आली असती," याडी म्हणाली. "साडी घेऊन गेली."

मी काय म्हणाले ते सांगू? मी म्हणाले, "याडी, पाऊस थांबला. चल, भाकरी टाकायच्यात." कंटाळले होते मी. दिवसभर साठ पोरं आणि त्यावर हे.

मग ती सुई शिरली. व्हायचंच होतं. बाहीतली सुई उजव्या हातात, कोपराच्या जरा वर, बलियांच्या खाली गेली. तिनं ती काढली, हळद लावली, कोणाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं तेव्हा हात टरारून सुजला होता, तापानं अंग भाजत होतं आणि ती बैलांना उद्देशून काहीतरी बोलत होती. मी शाळेतून येऊन अजून खोपीतच होते. बापूच धापा टाकत सांगायला आले. त्या दिवशी पहिल्यांदाच मी साडीत घरात शिरले, आणि तशीच तिला बैलगाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. बापू बैल हाकत होते. दवाखान्याच्या आवारात ते बैलांपाशीच थांबले. नवरा नंदुरबारला. आत गेले ती मी एकटी.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्यात दंडावरच्या बलिया लग्नात चढतात आणि नवरा गेला की उतरतात. मधे नाही. आंघोळीला नाही, बाळंतपणाला नाही. दंडावर बलिया नाहीत म्हणजे त्या बाईचा नवरा जिवंत नाही. याला पुरावा लागत नाही. बघणारा काय ते समजतो. हे मला माहीत होतं. मी काही जळगावहून आलेली अडाणी नव्हते. मलाही लग्नात चढल्या होत्या, हलक्या, प्लॅस्टिकच्या, आणि त्या काढून ठेवायची परवानगी याडीनं फक्त शाळेपुरती दिली होती, तीही नायकाच्या बायकोला विचारून.

डॉक्टर देशावरचे होते, तरुण. त्यांनी हात बघितला, इंजेक्शन दिलं. बलियांच्या खाली मांस फुगून वर आलं होतं. म्हणाले, "इंजेक्शननं सूज उतरायला लागेल असं वाटतं. उद्या सकाळपर्यंत थांबू. नाहीच उतरली तर मग या कापाव्या लागतील."

मी तांड्यात, शाळेत, मुलांना, सगळ्यांना आजवर सांगितलं ते असं, की डॉक्टर म्हणाले, आत्ता कापलं नाही तर हात जाईल. ते खोटं आहे. डॉक्टर 'उद्या' म्हणाले होते.

'आत्ता' मी म्हणाले.

"घाई नाही, बाई," ते म्हणाले. "पेशंटला विचारू, शुद्धीवर आल्यावर. या लोकांमध्ये याला महत्त्व असतं ना?"

"डॉक्टर, मी शिक्षिका आहे," मी म्हणाले. "या लोकांचं ऐकत बसलात तर हात जाईल."

या लोकांचं. साडीत होते, त्यांनी मला विचारलं नाही, तुम्ही कोण. फक्त विचारलं, "जबाबदारी तुमची?" मी हो म्हणाले.

कंपाउंडरनं प्लॅस्टर कापायची करवत आणली. मी हात धरला. हस्तिदंत कापताना जळक्या दातासारखा वास येतो आणि पिठासारखी भुकटी पडते. एकेक बलिया दोन तुकडे होऊन चादरीवर पडत होती. त्यांच्याखालची कातडी कित्येक वर्षांत उजेडात आली नव्हती. तान्ह्या पोरासारखी फिकट आणि मऊ. ती बघून मला कणव यायला हवी होती. मला बरं वाटत होतं. इतक्या वर्षांच्या संध्याकाळी, ती खोप, ते बंद ओढून बघणं, सगळं करवतीखाली जात होतं आणि मला हलकं हलकं वाटत होतं. "दुसऱ्या हाताच्याही काढायच्या का?" कंपाउंडरनं विचारलं. दुसऱ्या हाताला काही झालं नव्हतं. "एकाच हातात कशा ठेवणार?" मी म्हणाले.

सकाळी सूज उतरली. इंजेक्शननं उतरली की कापल्यानं, ते आता कोणालाच सांगता येणार नाही.

याडी शुद्धीवर आली, आधी एका दंडाकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं.  मी बोलत सुटले, डॉक्टर म्हणाले, हात जाणार होता, नाइलाज. तिनं डोळे मिटले.

तांड्यात पंच बसले. बसणारच. बाईच्या बलिया नवरा जिवंत असताना उतरल्या; कोणी उतरवल्या, कोणाच्या सांगण्यावरून? सुनेनं स्वतःहून केलं असेल तर सून तांड्यात राहणार नाही, हे नायकानं आधीच बोलून दाखवलं. माझा नवरा जोडा नीट करत होता. मी माझं ठरलेलं सांगितलं. नायक याडीकडं वळला.

"मी तापात होते," ती म्हणाली. "मला काय माहीत? तिथं कोर डॉक्टर होता, त्यालाच विचार."

विषय संपला. कोर डॉक्टरला विचारायला कोण जाणार? नायकाच्या बायकोनं तोड काढली, तांड्याला जेवण घाला, दोघा म्हाताऱ्यांना पुन्हा पाटावर बसवा आणि नव्या बलिया चढवा. बापू लाजून हसले. याडी म्हणाली, "उतरल्या त्या उतरल्या." आणि सगळ्यांसमोर तिनं गालांवरची घुगरीही सोडून मांडीवर ठेवली. "दंड विधवेचे आणि गाल सवाशिणीचे, असलं अर्धवट मला जमत नाही."

"अगं, मी बसलोय की इथं!" बापू कळवळून म्हणाले.

"बसा. भाकरी मिळेल."

आणि मिळाली. त्यांचं खाणंपिणं, औषध, काढा, सगळं पहिल्यासारखंच ती करत राहिली. पण कोणी विचारलं तर शांतपणे सांगायची, "माझा नवरा गेला. हे त्याच्या जागी बसलेत." बापू आधी हसायचे, मग रागवायचे, मग नुसते खोकायचे. मला वाटायचं या बाईला धरून गदागदा हलवावं. जिवंत माणसाला असं रोज मारायचं? पण कोणत्या तोंडानं बोलणार? पुढच्या थंडीत बापू दम्यानं गेले. दमा त्यांना माझ्या लग्नाच्या आधीपासून होता. मी हे स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. तांडा रडला, याडी रडली नाही. "माझं आधीच रडून झालंय," म्हणाली. कधी रडली होती ते आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

दवाखान्यातून आल्यापासून तिनं खोपीशी उभं राहणं सोडलं होतं. पहिल्या संध्याकाळी मी तिथं पोचले तर कोणी नाही. फेटिया खुंटीवर. मी जरा वेळ थांबले. मग साडीतच घरात गेले. ती चुलीपाशी होती, वर बघितलं आणि म्हणाली, "मीठ संपलंय." बस. ज्यासाठी इतकी वर्षं दात खाल्ले ते असं मिठाच्या निरोपात मिळून गेलं. मी फेटिया घालणं बंद केलं. आणि ती? ती माझ्यासाठी नवा फेटिया शिवत राहिली! एक झाला की ट्रंकेत घालायची, दुसरा धरायची. ट्रंक भरली. "कोणासाठी शिवतेस हे?" मी वैतागून विचारायची. ती माप घ्यायला माझ्या कमरेला दोरा लावायची आणि म्हणायची, "जाड होत चाललीस."

पुढं माझी बदली अक्कलकुव्याला झाली. तीही आमच्याबरोबर आली, ट्रंकेसकट. रस्त्याला लागून दोन खोल्या होत्या. गुजरातकडं जाणारे ट्रक दिवसभर घरात धूळ टाकायचे. दारात बसून ती काचा शिवायची, येणारे-जाणारे बघायचे. एका रविवारी दुपारी शाळेतल्या एक सहकारी बाई आल्या. त्यांनी याडीचे मोकळे दंड बघून कुतूहलानं विचारलं आणि मी माझी गोष्ट सांगितली. इतक्यांदा सांगून ती गुळगुळीत झाली होती. डॉक्टर म्हणाले आत्ताच, हात गेला असता, मी धीर केला. बाई हळहळल्या, माझं कौतुक केलं, चहा घेऊन गेल्या.

याडीनं दोरा दातांनी तोडला.

"डॉक्टर तर उद्या म्हणाला होता," ती म्हणाली.

बाहेरून एक ट्रक गेला.   दवाखान्यात मी आणखी एक वाक्य बोलले होते, 'या लोकांचं' म्हणून, ते ती आता उच्चारेल म्हणून मी वाट बघत राहिले. ते तिनं उच्चारलं नाही. ते तिच्या कानावर गेलंच नव्हतं, असं मी तेव्हापासून धरून चालले आहे.

"तू जागी होतीस?"

"हात माझा होता."

"मग पंचांपुढं का नाही बोललीस?"

"बोलले असते तर तुला तांड्याबाहेर काढलं असतं."

 मी उठून तिचे पाय धरणार होते, खरंच धरणार होते. तेवढ्यात ती म्हणाली, "आणि मग फेटिया कोणाला घालायचा? घरात दुसरी बाई होती का?"

ही अशी बाई. नवरा जिवंत असताना विधवा झाली, तेही पोटात ठेवलं, आणि का, तर कापड घालायला एक अंग हातचं जाऊ नये म्हणून! मला रडूही येईना आणि रागही धड येईना. मी तशीच बसून राहिले. तिनं माझ्या साडीकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, काही नाव ठेवलं नाही. नव्या फेटियाची कड माझ्या गुडघ्यावर पसरून रंग कसा दिसतो ते पाहिलं.

"घालशील?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांत हुकूम सोडून विचारलेली ती पहिली गोष्ट.

"घालते, याडी," मी म्हणाले. "आज दुपार झाली. पुढच्या रविवारी घालते."

रविवार आला. मी सकाळपासून धुणं काढलं, गहू निवडले, पोरांना न्हाऊ घातलं. ती दारात बसून होती. फेटिया तिनं ट्रंकेतून काढून खाटेवर ठेवला होता. संध्याकाळी तिनं तो घडी घालून आत ठेवला. एका शब्दानं आठवण केली नाही. त्यानंतर ती काही वर्षं होती, आणि एवढ्या वर्षांत रविवार पुष्कळ आले.

तिनं पुन्हा विचारलं असतं तर मी घातला असता, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. तेही खरं नाही.